सातव्या ओळीतलं फाटक

भाषेला अजून नाव नाही.
तिला बेरीज येते, वर्तुळ काढता येतं,
आणि चूक दाखवता येते, लाल अक्षरात,
जी मी हिंगणघाटच्या खोलीत रात्री दोनला लिहिली होती
स्वतःवर खूश होऊन :
'बारावी ओळ. अवैध शेवट.'

गिरडच्या अलीकडची शाळा. पाच संगणक, तीन चालू,
त्यातल्या एकावर 'क' उमटत नाही.
ट्विंकल मडावी, सातवी, ओठ हलवत वाचते,
धुर्वे मॅडमकडे न बघता मलाच विचारते,
"सर, अवैध म्हंजे दारू ना?"

वर्धा जिल्हा. पेपरात हा शब्द
पकडलेल्या कॅनसोबत येतो,
मागे उभ्या माणसांची तोंडं रुमालात.
तिला फक्त एक वर्तुळ काढायचं होतं.

तो शब्द तिथेच खोडला.

मग 'कंस अपेक्षित होता'.
कोणाला?
अंशुलनं खरंच मागे वळून पाहिलं,
दारात कोणी साहेब आलाय का.
'घातक त्रुटी' दिसल्यावर एकानं
सरळ पिनच उपटली.
पोरांचं काही चुकलं नव्हतं.
आम्हीच शब्द आणले होते ठाण्यातून, नोटिशीतून,
आणि खेळायला दिले होते.

पुढच्या आठवड्यात मी शहाणपणा केला.
मशीनला आमची बोली शिकवली :
'काऊन जी, कंस कोठं ठेवला?'
वर्ग हसला. बाकं वाजवून हसला.
ट्विंकल नाही.
"हे आपली नक्कल करून राह्यलं, सर."

माझी आई अशीच बोलते.
ऑफिसात तिचा फोन आला
की मी जिन्यात जाऊन बोलतो.
परतीच्या एसटीत हे आठवलं,
आणि समुद्रपूर येईपर्यंत
खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही सापडेना.

तेही खोडलं.

खरी अडचण शब्दांच्याही आधीची होती.
बाराव्या ओळीत चूक नव्हतीच.
सातव्या ओळीत तिनं कंस उघडला
आणि मिटायचा राहिला.
मशीन आपलं वाचत गेलं, आठ, नऊ, दहा,
ओळी संपल्या तेव्हा ओरडलं.
मी फळ्यावर बाण काढून काढून हे सांगत होतो,
माझ्या बाह्या खडूनं पांढऱ्या.

ती म्हणाली, "म्हंजे फाटक इथं उघडं राह्यलं
न् बकऱ्या तिथं धरल्या, दुसऱ्याच्या वावरात."

फळ्यावरचा कंस पाहिला.
अर्धं फाटक. बिजागरीसकट.

"मग तू घरी काय सांगशील?"
"पह्यले बकऱ्या कोठं हायेत ते सांगतो.
मंग फाटक दाखवतो.
ओरडत नाही. ओरडलं तं बकऱ्या अजून पांगते."

त्या रात्री लिहिलं, साध्या काळ्या अक्षरात :
'बाराव्या ओळीपाशी मजकूर संपला.
सातव्या ओळीत उघडलेला कंस अजून उघडा आहे.
तो कुठे मिटायचा, हे मला ठरवता येत नाही.'

पुण्याहून सौमित्रचं उत्तर आलं : फार लांब झालं.
शेवटचं वाक्य काढ. यंत्रानं
'मला येत नाही' म्हणू नये, लोकांचा भरवसा जातो.
मी दोनदा काढलं.
दोनदा परत ठेवलं.

मंगळवारी लाईट अकराला आली.
ट्विंकलनं मुद्दाम ती पहिल्या दिवसाची फाईल उघडली.
वाचलं, ओठ हलवत. काचेवर बोट ठेवून
वरून ओळी मोजल्या, सातवर थांबली,
कंस मिटला.
वर्तुळ आलं, एका बाजूला जरा चपटं,
तो दोष आमचा, तिचा नव्हे.

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.
तिसऱ्या ओळीत जाऊन
एक कंस जाणूनबुजून उघडा ठेवला,
हनुवटीखाली दोन्ही मुठी घेतल्या,
आणि बघत बसली
आता हे काय म्हणतं ते.